लेकराच्या आडून

आमच्या घरी सून सासऱ्यासंग तोंडानं बोलत नाई. आदिलाबादजवळ, बेल्याकडल्या गावाइत आता बऱ्याच घरी बोलतात, पन आमच्याकडे नाई. मी लगन होऊन आली तवा पयले पयले दाराले बोलत होती, नाईतं आंगनातल्या बकरीले, "पानी तापलं म्हनाव, आंघोळीले चाला म्हनाव," अन् मामाजी, म्हंजे माहे सासरे, आतून आयकून उठत. मंग माही पोरगी झाली अन् लय सोपं झालं. तिले कडेवर घेऊन ओसरीत उभं राह्याचं अन् तिच्या कानात मोठ्यानं सांगाचं, "आजोबाले सांग बाई, ताट वाढलं." मामाजी बी तसेच. "चिमने, तुह्या मायले म्हनाव, वरनात तिखट जरा कमी." दोघं समोरासमोर उभे अन् मधात पोरगी आपली मूठ चोखून राह्यली. आमाले त्यात काही इचित्र वाटत नाई.

हे पयले काऊन सांगून राह्यली तं पुढं जे झालं ते याच्यावरूनच झालं, अन् हैदराबादच्या सरले ते शेवटपर्यंत समजलं नाई.

शाळेले उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या. गावातल्या शाळेत सकाळच्या पारी एक वर्ग चालू होनार म्हून सांगाले एक मॅडम घरोघर आली. मॅडम जैनथकडची, आपल्यासारखीच मराठी बोलनारी, बौद्ध घरची, बाप तिचा मास्तर. ती शिकाले हैदराबादले गेली होती अन् तठूनच एका सरले संग घेऊन आली होती. वर्ग तेरा ते एकोनीस वर्साच्या पोरापोरीसाठी. माह्या नंदेनं इचारलं, "काय शिकवता मॅडम, इंग्लिश का कंप्यूटर?"

मॅडम म्हने, "तसं काही शिकवत नाई. मानसानं चांगलं जगनं म्हंजे काय, त्याच्यावर सगळ्याइनं बसून बोलाचं."

आत्याबाई, म्हंजे माही सासू, भेंड्या तोडून आली होती अन् टोपल्यात निवडत बसली होती. तिनं मान वर नाई केली. "ते बोलाले शाळेत काऊन जा लागते? बसा अठी, मी सांगते."

पन नंदेनं हट्ट धरला. तिची धाव्वीची परीक्षा झाली होती, निकालाची वाट पाहून पाहून कटाळली होती, अन् जून लागला का इंटर, म्हंजे अकरावी-बारावी, शिकाले आदिलाबादले हॉस्टेलात जानार होती. आत्याबाई म्हने, "एकटी नाई जाची. वयनीले घेऊन जाय."

म्हून मी गेली. पोरीले घेऊन, तिच्या डोक्याले ओला रुमाल, झबल्याच्या गाठीत कांदा बांधलेला, लू लागू नये म्हून, पान्याची बाटली, दोन लंगोट, अन् मनात असं का जसं मलेच कोनी परीक्षेले बसवून राह्यलं. मले तशी कायचीबी भीती वाटते. पोरगी झाली तवापासून जास्त. ती झोपली का मी तिच्या नाकाखाली बोट धरते, श्वास चालू हाय का पाहाले. लय चांगली झोपली तं अजून जास्त वाटते. रस्त्यानं आटो गेला तं वाटते, आता हा आपल्याच अंगावर येते. शाळेपर्यंत जाईस्तोवर मी घामानं ओली अन् नंद पुढं पुढं, "वयनी, चाल ना वं, काय गोगलगाय झाली."

वर्ग वऱ्हांड्यातच होता, कडूनिंबाच्या सावलीच्या अंगानं. सगळे सतरंजीवर गोल बसले. मी मागं भिंतीले टेकून बसली, पोरीले मांडीवर घेऊन, म्हनलं आपन राखनदार. मॅडमनं पाह्यलं अन् इचारलं, "तुमचं वय काय हाय?"

मी नंदेकडे पाह्यलं. नंद म्हने, "एकोनीस हाय तिचं. मले तीन वर्सानंच मोठी हाय, पन मोठेपना पाहा कसा करते."

"मंग तुमी बी यातल्याच," मॅडम म्हने. "या, पुढं सरका."

सगळे फिदीफिदी हासले. मी सरकली. नवव्वी पास झाल्यावर धाव्वीत होती तवा माही माय बिमार पडली अन् माही शाळा सुटली, त्याच्यानंतर पयल्यांदाच मी कोन्या वर्गात पोरीपोराइच्या मधात बसली होती. पाय कसे ठेवाचे तेबी समजत नव्हतं.

सर हिंदीत बोलत, मधी मधी तेलगू, अन् मॅडम मराठीत सांगे. सर रोज एकच गोष्ट इचारत, फिरवून फिरवून. एक दिवस त्याइनं इचारलं, एखादं झाड चांगलं वाढून राह्यलं हे तुमी कशावरून ओळखता. आता हे आमच्या पोराइले इचारनं म्हंजे. एक पोरगा म्हने, "उंच झालं का समजाचं."

नंदेनं त्याले तठीच धरलं. "उंच काय? तुह्या बापानं औंदा युरिया टाकला तं कपाशी डोक्याच्या वर गेली होती. बोंडं किती आले ते सांग ना सरले."

सर हासले अन् म्हने, "तो फिर इंसान का बोंड क्या है?"

सगळे बोलाले लागले. कोनी म्हने नोकरी, कोनी म्हने बुलेट गाडी, एक पोरगी म्हने मैतरनी, तिच्या वर्गातल्या समद्या पोरी लगन होऊन गेल्या, आता तिच्यासंग बोलाले कोनी नाई. हे ती हासत हासतच बोलली, पन मंग कोनी हासलं नाई. नंद म्हने, "आमचे बाबा म्हनतात, मानूस खाऊनपिऊन सुखी पायजे. पन सर, आमची बकरी बी खाऊनपिऊन सुखी हाय."

युरियावाला पोरगा वाटच पाहून राह्यला होता. "बकरीचं तुह्या वयनीले इचार. ती बोलत होती बकरीसंग."

मले पदर तोंडात धरा लागला. सरले काही समजलं नाई, ते मॅडमकडे पाहात, अन् मॅडम बी हासून हासून सांगू शकत नव्हती.

मंग मॅडमनं मलेच इचारलं, "तुमाले काय वाटते? तुमाले काय असलं म्हंजे चांगलं जगली म्हनसान?"

समदे माह्याकडे पाहून राह्यले, पोरगी माही माळ ओढून राह्यली. मी म्हनलं, "लेकराले ताप नाई आला पायजे."

मले वाटलं हासतीन. मॅडम म्हने, "ताप आला तं काय होते?"

मंग मी बोलत गेली, कशी ते मालूम नाई. म्हनलं, ताप आला तं दवाखान्यात जा लागते, तठी नर्सबाई तेलगूत सांगते, मी मान हालवते, समजल्यासारखी. दवाईच्या बाटलीवर समदं बारीक इंग्लिश. घरी येईस्तोवर मले भेव वाटते का तिनं दोन टाईम सांगतलं का तीन टाईम, जेवनाच्या पयले का मंग. आतापर्यंत नंद होती वाचाले. आता ती हॉस्टेलात चालली. हे, म्हंजे माहे मालक, आदिलाबादले दुकानात कामाले, ते सकाळी जातात ते दिवा लागल्यावर येतात. मंग मी कोनाले इचारू?

बोलता बोलता मले दम लागला. सर मॅडमले काहीतरी बोलले अन् मॅडम माह्याजवळ येऊन बसली. म्हने, "तुमची नंद म्हने, नवव्वी पास हाय तुमी. मंग घरून धाव्वी करता येते. एतवारी आदिलाबादले वर्ग असते, मराठीत बी असते, इंग्लिश असते, तेलगू बी थोडं शिकवतात. परीक्षा वर्साच्या शेवटी. लेकरू असलं तरी बाया येतात."

त्या दिवशी घरी जाताना ऊन असं होतं का डांबर चपलीले चिकटे. पोरगी खांद्यावर. मनात एकच, एतवार, एतवार, एतवार.

याइले सांगतलं तं हे म्हने, "माहं काही म्हननं नाई. बाबाले इचार." झालं. म्हंजे गोष्ट मामाजीपाशी गेली, अन् मामाजीले मी आजपर्यंत ताट वाढलं, पानी तापलं, याच्यापलीकडं पोरीच्या तोंडून बी काही सांगतलं नव्हतं. नंद म्हने, "मी सांगते ना बाबाले." पन मॅडमनं शेवटच्या दिवशीचं असं ठेवलं होतं का घरचं मोठं मानूस वर्गात बोलवाचं अन् आपल्याले चांगलं जगाले काय पायजे ते त्याच्यासमोर आपल्या तोंडानं सांगाचं. दुसऱ्यानं सांगतलेलं चालनार नाई.

मंग रोज जातायेता आमची तालीम. नंद ओढनीचा फेटा बांधे, मिशीले पीळ देल्यासारखं करे अन् मामाजीच्या आवाजात म्हने, "चिमने, तुही माय शाळेत गेली तं वांगे कोन तोडंल?"

मी पोरीले म्हनो, "आजोबाले सांग बाई, वांगे शनिवारी तोडून ठेवीन म्हनते."

"अन् सयपाक?"

"सयपाक सकाळीच करून जाईन म्हनते."

"अन् मले चहा?"

"चहा..." अठी मी अडके अन् नंद हासून हासून रस्त्यात बसे. पोरगी बी तिले पाहून हासे. कोनी येताना दिसलं का नंद फेटा सोडे. ती हॉस्टेलात गेली तं माहं काय होनार, हे मी तवा मनात येऊ देत नव्हती.

शेवटच्या दिवशी मामाजी आले. बेल्याच्या बाजारात भाजी उतरवून मोटरसायकलनं सरळ शाळेत. त्याइले वर्गाचं काही घेनंदेनं नव्हतं, नंदेनं बोलवलं म्हून आले. खांद्यावर शेला, पायाले माती, अन् लेकराच्या खुर्चीवर बसा लागलं म्हून गुडघे छातीले. आल्या आल्या नातीकडे पाहून बोट हालवलं. पन नात झोपली होती. माह्या खांद्यावर मान टाकून, तोंड उघडं, लाळ माह्या पाठीवर.

हे मी धरलंच नव्हतं. एवढी तालीम केली, पन ती जागी असंल असंच धरून चाललो होतो. झोपलेल्या लेकराले काय सांगू, अन् उठवलं तं ती रडंल, अन् गर्मीत रडली तं तिचा श्वास कोंडते. मी नंदेकडे पाह्यलं. तिनं डोळे मोठे केले, म्हंजे बोल.

माहा नंबर आला. मी उभी राह्यली. पदर ओढला. पोरीच्या कानाशी तोंड नेलं अन् म्हनलं, "बाई, आजोबाले सांग..."

सरनं हात वर केला. लय मायेनं म्हने, "बच्ची सो रही है. आप उसको छोड़िए, हमको बताइए."

वऱ्हांड्यात हसं पिकलं. मोठ्या मानसाइचं बी. सर बिचारे सगळ्याइकडे पाहून राह्यले का आपन चुकलो कुठी. मॅडम समजवाले उठली, पन तेवढ्यात मामाजी उठले. मले वाटलं आता चालले घरी, झालं समदं. पन त्याइनं खांद्यावरचा शेला काढला, बाजूच्या बाकावर पसरवला अन् मांगं सरकून उभे राह्यले. आमच्यात मामाजी माह्या हातातून लेकरू घेत नाईत. मी खाली ठेवाचं, मंग ते उचलतात. मी पोरीले शेल्यावर ठेवलं. त्याइनं हळूच शेल्यासकट उचललं, खांद्याशी धरलं, अन् तिच्या मानेखाली हात दिला, जसा द्याले पायजे तसा. मंग पोरीचं झोपलेलं तोंड माह्याकडे फिरवून तिलेच म्हनले, "सांग म्हनाव तुह्या मायले. आयकून राह्यलो."

आता पोरीकडे पाह्याचं म्हंजे मामाजीकडेच पाहा लागे. मी पाह्यलं. झोपलेल्या पोरीले मी समदं सांगतलं. तालमीतलं एकबी वाक्य आठवलं नाई. नर्सबाईचं सांगतलं, दवाईच्या बाटलीचं सांगतलं, एतवारचं सांगतलं, अन् हेबी सांगतलं का बाई, तुह्या मायले लय भेव वाटते, अन् शिकलं तं निदान बाटलीचं तरी भेव जाईल.

मामाजीनं पोरीच्या तोंडावरची माशी हाकलली. मंग म्हने, "चिमने, अन् तू कोनापाशी राह्यसीन?"

"आजीपाशी," नंद पटकन बोलली.

"मंग जाय म्हनाव. कापूस वेचनीच्या टाईमले मातर घरी पायजे. एखाद एतवार बुडंल."

सरनं टाळ्या वाजवल्या. बाकीच्याइनं बी वाजवल्या अन् पोरगी दचकून उठली, अन् रडली, अन् मी पयले धावली ते तिच्या नाकाखाली बोट धराले.

घरी आलो तं आत्याबाई चुलीपाशी. नंदेनं उंबऱ्यातूनच समदं सांगतलं, बाबा असे उठले, शेला असा पसरला, हात हालवून हालवून. आत्याबाई भाकर थापतच राह्यली. भाकर झाली, दुसरी झाली. मंग म्हने, "लेकरू आजीपाशी राह्यते हे कोन बोललं?"

नंद थांबली. "मी."

"बरं."

त्या "बरं"वरून माह्या ध्यानात आलं. मामाजीपाशी कसं बोलाचं, कोनाच्या आडून बोलाचं, यातच आमी एवढ्या गुतलो होतो का जी बाई खरोखर लेकरू धरनार होती, जिच्यासंग मी रोज तोंडानं बोलते, तिले इचारलंच नव्हतं.

"आत्याबाई," मी म्हनलं, "तुमी नाई म्हनान तं नाई जात."

"मी काऊन नाई म्हनू? मले कोनी इचारलं तं नाई म्हनीन ना." तिनं तव्यावरची भाकर उलटवली. "एवढे दिवस तठी जाऊन जाऊन चांगलं जगनं काय, चांगलं जगनं काय. झाडाले काय पायजे, बकरीले काय पायजे. या घरी बी एक मानूस राह्यते म्हनलं."

मामाजी ओसरीत पाय धूत होते. पान्याचा आवाज बंद झाला.

नंद चुलीपाशी जाऊन मायच्या बाजूले खाली बसली. ओढनीचा फेटा नाई, मिशी नाई. "सांग मंग आई. तुले काय पायजे?"

आत्याबाईले वाटलं थट्टा करून राह्यली. तिच्याकडे एक वेळ पाह्यलं. मंग भाकरीकडेच पाहात राह्यली. मले वाटलं लुगडं म्हनंल, नाईतं बहिनीकडे मंचेरियलले जाचं म्हनंल, लय दिवसाचं जाचं राह्यलं तिचं.

"दुपारून मले कोनी आवाज नाई द्याचा," ती म्हने.

"म्हंजे?"

"म्हंजे जेवनं झाल्यावर, चहापर्यंत. विळा कुठी हाय, माही कमीज कुठी हाय, बकरी सुटली, पोरगी उठली. काहीच नाई. मी मेली समजाचं तेवढा वेळ."

"अन् चहा?" ओसरीतून मामाजीचा आवाज आला.

"चहा बी नाई," आत्याबाई म्हने. "चहा आपल्या हातानं."

मंग मामाजी म्हने, "साखर कोन्या डब्यात हाय ते दाखवून ठेवा म्हनाव." हे कोनाले म्हनले ते मालूम नाई, पोरगी तं माह्यापाशी होती.

आता नंद हॉस्टेलात हाय. एतवारी मी पयल्या बसनं आदिलाबादले जाते, अन् बस सुटली का अजूनबी वाटते उतरून परत पळावं. गनित येत नाई. इंग्लिशचं थोडं येऊन राह्यलं. पोरगी आजीपाशी राह्यते अन् मले पाहून आता रडत बी नाई, त्याचं मले थोडं वाईट वाटते.

अन् रोज दुपारी जेवनं झाली का घर असं गप होते का काय सांगू. मामाजी पाय न वाजवता चालतात. शेजारची बाई आली तं मी दारातच बोटानं गप करते. पोरीले घेऊन मी मांगच्या आंगनात जाते, एका हातानं तिले थोपटते, दुसऱ्या हातात पुस्तक. मधी कवा पानी प्याले आत जाते तं आत्याबाई खाटेवर उतानी पडली राह्यते, डोळे उघडे. झोपत नाई ती. सुरुवातीले मले वाटलं झोप येत नसंल, एक दिवस इचारलं बी, "पंखा वाढवू का?" तं तिनं बोट वर केलं, म्हंजे तू बी आवाज देऊ नोको, अन् आढ्याकडे पाहात तशीच पडून राह्यली, अन् तिच्या तोंडावर लय बरं वाटून राह्यल्यासारखं होतं.